रात्रीचे विमान, आजारी माणूस आणि जमिनीवरची तयारी

"डॉक्टर, खर्चाचं आम्ही बघतो. विमान बोलवू का? रात्रीच मुंबईला हलवू."

कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा प्रश्न आयसीयूच्या दाराबाहेर वारंवार ऐकू आला. पूर्वी एअर ॲम्ब्युलन्स हा शब्द मोठ्या शहरांपुरता होता. आता धरणगाव, एरंडोल, चोपड्याकडचे शेतकरी कुटुंबही गरज पडली तर जमीन गहाण ठेवून तिची चौकशी करते. जुलै २०२१ मध्ये मात्र या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडला गेला. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण अकादमीचे छोटे विमान कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. आपल्या तापीच्या पलीकडच्या काठावर हे घडल्यामुळे लोक विचारू लागले, "अशा छोट्या विमानात आपला पेशंट ठेवायचा तरी कसा?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्यात माणूस वाचवण्याची घाई आहे आणि दुसऱ्यात भीती आहे. रुग्णाला हलवण्याचा निर्णय या दोन्हींच्या भरात होऊ नये, म्हणून हा लेख आहे. त्यासाठी चोपड्याच्या घटनेआधी दहा आठवडे घडलेल्या एका रात्रीकडे पाहू.

६ मे २०२१ ची रात्र: दोन विमाने, दोन शेवट

६ मे रोजी नागपूर विमानतळावरून एका रुग्णाला घेऊन एअर ॲम्ब्युलन्स निघाली. विमान होते बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०, म्हणजे दोन इंजिनांचे, पंख्यांचे छोटे विमान. उड्डाण करतानाच त्याचे एक चाक निखळून खाली पडले. विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या एका जवानाने ते पाहिले आणि लगेच कळवले. त्यामुळे वैमानिकाला विमान हवेत असतानाच कळले की आपल्याला नेहमीसारखे उतरता येणार नाही.

हे विमान मुंबईत उतरवायचे ठरले. मुंबई विमानतळावर पूर्ण आणीबाणी जाहीर झाली. धावपट्टीवर अग्निशमन दलाने फेस पसरला. अग्निशमन गाड्या आणि रुग्णवाहिका धावपट्टीलगत उभ्या राहिल्या. रात्री नऊच्या सुमारास वैमानिकाने चाके खाली न सोडता विमान पोटावर उतरवले. ते घसरत जाऊन थांबले. आग लागली नाही. रुग्णासह आतले पाचही जण सुखरूप बाहेर आले.

त्याच रात्री ग्वाल्हेरला दुसरे छोटे विमान उतरत होते. ते मध्य प्रदेश सरकारचे होते आणि त्यात रेमडेसिव्हिरची इंजेक्शने होती. ग्वाल्हेरचा विमानतळ हवाई दलाचा आहे. लढाऊ विमान धावपट्टीवरून पुढे घसरले तर त्याला अडवण्यासाठी अशा ठिकाणी धावपट्टीच्या टोकाला जाळीसारखा अडथळा असतो. गरज नसते तेव्हा तो खाली असतो. त्या रात्री तो उभा होता. विमान त्याला धडकले आणि आतली माणसे जखमी झाली. या विमानाची चाके, इंजिने असे काही बिघडल्याचे कोणी म्हटलेले नाही.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. मुंबईत उतरलेले विमान मोडलेले होते, पण जमीन तयार होती. ग्वाल्हेरचे विमान धड होते, पण जमीन तयार नव्हती. रात्री छोटे विमान सुखरूप उतरणे हे वैमानिकाच्या कौशल्याइतकेच खाली कोण जागे आहे आणि काय तयार ठेवले आहे यावर ठरते. आजारी माणसाला हलवण्याचेही अगदी असेच आहे, हे पुढे लक्षात येईल.

रात्री उतरणे दिवसापेक्षा कठीण का असते?

याचे मोठे कारण माणसाच्या शरीरात आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू पेशी उजेडात काम करतात, त्यांनी रंग आणि बारकावे दिसतात. दंड पेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावेही नीट दिसत नाहीत. उजेडातून अंधारात गेल्यावर दंड पेशी पूर्ण कामाला लागायला २० ते ३० मिनिटे लागतात. सिनेमागृहात उशिरा शिरल्यावर खुर्ची शोधताना आपण हे अनुभवतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदा प्रखर दिवा पडला की हा सराव पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

ऑक्सिजन थोडा कमी झाला की सर्वांत आधी रात्रीची नजर मंदावते. दिवसा जे जाणवणारही नाही, ते रात्री नजरेला जाणवते.

तिसरी गोष्ट म्हणजे मेंदूला होणारा भास. खाली शेते, जंगल किंवा पाणी असेल, आसपास गावाचे दिवे नसतील आणि समोर फक्त धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन रांगा असतील, तर वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते. मग तो नकळत विमान अधिक खाली आणतो. विमानवैद्यकात याला 'कृष्णविवराचा भास' म्हणतात. अनुभवी वैमानिकालाही तो होतो, म्हणून रात्री नजरेवर नाही तर उपकरणांवर आणि धावपट्टीशेजारच्या उंची दाखवणाऱ्या दिव्यांवर विसंबायचे प्रशिक्षण दिले जाते. मोठ्या शहराच्या विमानतळावर या सोयी भरपूर असतात. लहान धावपट्टीवर त्या कितपत आहेत हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

चौथी गोष्ट झोप. मध्यरात्रीनंतर, विशेषतः पहाटे दोन ते सहा या वेळात, शरीराचे तापमान आणि मेंदूची सावधता दोन्ही उतरलेली असतात. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. वैमानिक, विमानातले डॉक्टर, रुग्णवाहिकेचा चालक आणि निर्णय घेणारे तुम्ही, या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

यात खराब हवामान मिसळले तर काय होते, हे २५ मे २०११ च्या रात्री फरीदाबादला दिसले. पाटण्याहून दिल्लीकडे रुग्णाला घेऊन निघालेले एक इंजिनाचे छोटे विमान वादळी हवामानात सापडले आणि घरांवर कोसळले. विमानातील सातही जण आणि घरांतील तीन जण मरण पावले. याचा अर्थ एअर ॲम्ब्युलन्स वाईट असा नाही. असंख्य रुग्ण विमानाने सुखरूप पोहोचतात. याचा अर्थ एवढाच की 'आत्ताच्या आत्ता, काही झाले तरी' हा आग्रह विमानाच्या बाबतीत धरायचा नसतो.

अमेरिकेत रुग्णवाहक हेलिकॉप्टर चालवणाऱ्या अनेक संस्थांत एक पद्धत आहे. रुग्ण कोण आहे, मूल आहे की म्हातारा, किती गंभीर आहे, हे वैमानिकाला निर्णयाआधी सांगत नाहीत. त्याने फक्त हवामान आणि यंत्र पाहून 'जाता येईल' किंवा 'येणार नाही' ते सांगायचे. रुग्णाची कीव येऊन त्याचा निर्णय हलू नये म्हणून. नातेवाईकांनी यातून एवढे घ्यावे: वैमानिक नाही म्हणाला तर जास्त पैसे देऊ करू नका, ओळखीचा फोन लावू नका. त्याचा नकार हा तुमच्या रुग्णावरचा उपचारच आहे.

ज्या आजारात मिनिटे मोजायची असतात, त्यात विमान कामाचे आहे का?

बहुतेक वेळा नाही. ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते, म्हणून उदाहरणांनी पाहू.

हृदयविकाराचा मोठा झटका: रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितके हृदयाचे स्नायू वाचतात. पहिले काही तास सोन्याचे असतात. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर हे इंजेक्शन जवळच्या सोय असलेल्या रुग्णालयात आधी देऊन मग पुढे हलवायचे असते. धरणगावहून जळगाव तासाभराच्या आत आहे. विमानाची वाट पाहत हे इंजेक्शन लांबवणे ही घातक चूक ठरेल.

पक्षाघात: मेंदूतील गुठळीवरचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणजे पहिली गरज जवळच्या सीटी स्कॅनची आहे.

सर्पदंश: पावसाळ्यात शेतात कामे चालू असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस एकच आहे आणि ती ग्रामीण रुग्णालयातही मिळते. तिला उशीर झाला तर पुढे कितीही मोठे रुग्णालय गाठले तरी झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही.

कीटकनाशकाची विषबाधा: पोट धुणे, ॲट्रोपिन आणि गरज पडल्यास श्वासनळीत नळी घालून कृत्रिम श्वास. हे सगळे पहिल्या रुग्णालयातच सुरू व्हावे लागते.

आता विमानाचा खरा हिशेब मांडा. फोन केल्यावर विमान बहुधा मुंबई, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणाहून येणार. वैमानिक आणि वैद्यकीय पथक गोळा करणे, परवानग्या, इंधन यांत काही तास जातात. मग ते तुमच्या जवळच्या विमानतळावर येणार. रुग्णालय ते विमानतळ रुग्णवाहिका, विमानात चढवणे, तासाभराचे उड्डाण, उतरल्यावर पुन्हा रुग्णवाहिका आणि शहरातली गर्दी. 'एका तासात मुंबई' हे फक्त हवेतले अंतर आहे. खाटेपासून खाटेपर्यंतचा वेळ पाच-सहा तास सहज होतो.

म्हणून विमान कोणाला उपयोगी? ज्याची प्रकृती जवळच्या रुग्णालयात थोडी स्थिर झाली आहे, पण पुढचा जो उपचार हवा आहे तो या भागात मिळत नाही आणि रस्त्याचे लांब अंतर त्याला सोसणार नाही, अशा रुग्णाला. उदाहरणार्थ यकृत किंवा फुफ्फुसाचे प्रत्यारोपण, एकमो यंत्राची गरज, काही मोठे भाजलेले रुग्ण, जन्मजात हृदयदोष असलेली बाळे. अशा रुग्णांत चार-सहा तास इकडेतिकडे झाल्याने सहसा फरक पडत नाही, आणि म्हणूनच सकाळच्या उजेडात निघणे अनेकदा शक्य असते. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "पहाटे निघालो तर काय बिघडेल?" उत्तर 'विशेष काही नाही' असेल, तर रात्रीचा धोका उगाच का घ्यायचा?

हवेत गेल्यावर रुग्णाच्या शरीरात काय होते?

रुग्णवाहक विमानांच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. निरोगी माणसाला त्याचा त्रास होत नाही. आजारी माणसाला दोन गोष्टींचा होतो.

पहिली, ऑक्सिजन कमी पडतो. जमिनीवर ज्याची पातळी ९२ आहे त्याची वर गेल्यावर घसरू शकते. कोविडमुळे फुफ्फुसे खराब झालेल्या, हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या रुग्णांचा विचार म्हणूनच वेगळा करावा लागतो. वैमानिक कमी उंचीवरून उडून केबिनचा दाब वाढवू शकतो, पण त्याला इंधन जास्त लागते आणि ते आधी ठरवावे लागते.

दुसरी, शरीरात अडकलेली हवा फुगते. आठ हजार फुटांच्या दाबाला ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. छातीच्या पोकळीत हवा साठलेल्या रुग्णाला आधी नळी न घालता विमानात नेले तर जीव जाऊ शकतो. आतड्याला पीळ पडला असेल, पोटाचे किंवा डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले असेल, कवटीच्या आत हवा शिरली असेल, तर निघण्याआधी तज्ज्ञांचे मत हवेच. श्वासनळीतल्या नळीचा फुगासुद्धा वर गेल्यावर फुगतो, त्याचा दाब तपासत राहावे लागते.

ऑक्सिजनचा हिशेब तर कोविडने सगळ्यांनाच शिकवला आहे. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल आणि खाटेपासून खाटेपर्यंत चार तास धरले, तर २४०० लिटर लागतात. आपल्याकडच्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. विमान वळवावे लागले, उतरायला उशीर झाला, तर? ६ मे च्या रुग्णाच्या बाबतीत तेच झाले, नेहमीसारखे उतरणे शक्यच नव्हते. म्हणून हिशेबाच्या दुप्पट साठा बरोबर आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

फोन करण्याआधी आणि निघण्याआधी काय विचारावे?

एअर ॲम्ब्युलन्सच्या जाहिरातीतला फोन अनेकदा दलाल उचलतो, विमान तिसऱ्याचेच असते. त्यामुळे पैसे भरण्याआधी पुढील गोष्टी एका कागदावर लिहून एकेक विचारा.

१. विमान कोणाचे आहे आणि त्या कंपनीकडे डीजीसीएचा परवाना आहे का? विमानाचा नोंदणी क्रमांक सांगा.

२. कोणत्या विमानतळावरून निघणार? त्या वेळी तो चालू असेल का? धावपट्टीचे दिवे, नियंत्रण कक्ष आणि अग्निशमन गाडी त्या वेळी हजर असेल का? जळगावच्या कुसुंबा शिवारातला विमानतळ आपल्याला सर्वांत जवळचा, पण रात्रीची परवानगी आणि सोय त्या दिवशी आहे का हे कंपनीकडून लेखी घ्या. नसेल तर दुसऱ्या शहरापर्यंतचा रस्ता हिशेबात धरा.

३. दोन वैमानिक आहेत का? ते किती तासांपासून कामावर आहेत?

४. हवामान बिघडले तर पर्यायी विमानतळ कोणता? तिथे रुग्णवाहिका असेल का?

५. बरोबर डॉक्टर कोण? अतिदक्षता विभागाचा अनुभव आहे का? व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि सिरिंज पंपांची बॅटरी किती तास चालते?

६. उड्डाण रद्द झाले तर पैसे परत कसे मिळतील? विमा कंपनी विमानाचे भाडे देते का, किती देते? बऱ्याच पॉलिसींत ते नसते किंवा त्याला मर्यादा असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च मिळतो, म्हणून विमानाचेही भागेल असे गृहीत धरू नका.

७. सर्वांत महत्त्वाचे: पुढच्या रुग्णालयात खाट नक्की आहे का? रुग्ण स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचे नाव काय आणि आपले डॉक्टर त्यांच्याशी स्वतः बोलले आहेत का?

सातवा प्रश्न शेवटी लिहिला असला तरी पहिल्यांदा विचारायचा तोच आहे. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरलेला होता म्हणून मोडलेले विमान उतरू शकले. रुग्णासाठी तो फेस म्हणजे पुढच्या रुग्णालयात तयार असलेली खाट आणि जागे असलेले डॉक्टर. ते तयार नसतील तर सर्वांत महागडे विमानसुद्धा रुग्णाला रिकाम्या धावपट्टीवर उतरवते.

विमानात बसल्यावर रुग्णाचे सगळे पट्टे, खांद्यांचे सुद्धा, बांधलेले आहेत हे पाहा. 'पोटाला काचतात' म्हणून सैल करू नका. स्वतःचा पट्टा बांधा. फाइल, पिशवी, थर्मास मांडीवर ठेवू नका. धक्का बसला की ह्या वस्तू उडून लागतात. उतरताना डॉक्टरांना प्रश्न विचारू नका, ती वेळ सर्वांत नाजूक असते.

'सुखरूप उतरले' म्हणजे तपासणीची गरज नाही का?

आहे. पोटावर किंवा जोरात उतरलेल्या विमानातील माणूस चालत बाहेर आला तरी त्याला रुग्णालयात नेऊन तपासले पाहिजे. वरून खाली आदळल्याने पाठीच्या मणक्याचा, विशेषतः छाती आणि कंबर यांच्या जोडावरचा, दबून अस्थिभंग होऊ शकतो. पट्ट्याच्या जागी पोटावर निळा-लाल पट्टा उमटला असेल तर आत आतड्याला किंवा प्लीहेला इजा झालेली असू शकते, आणि ती काही तासांनी प्रकट होते. धूर छातीत गेला असेल तर श्वासाचा त्रास नंतर वाढतो. पोटदुखी वाढणे, उलट्या, चक्कर, पायांना मुंग्या, लघवी अडकणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नका.

मनाचेही तसेच. पहिले काही दिवस झोप न लागणे, दचकणे, तेच चित्र डोळ्यांसमोर येणे हे स्वाभाविक आहे. महिन्याभरानंतरही ते कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यावर उपचार आहेत, आणि ते लवकर केलेले बरे.

वर्डीच्या लोकांनी काय केले, आणि आपण काय शिकायचे?

आता पुन्हा चोपड्याकडे येऊ. तिथले विमान दुपारी पडले, रुग्णवाहक नव्हते आणि धावपट्टीवर उतरतही नव्हते. कोणाला दोष देण्याचा इथे हेतू नाही. पण 'जमिनीवरची तयारी' म्हणजे काय हे वर्डीच्या लोकांनी सर्वांना दाखवले. रुग्णवाहिका पोहोचेल असा रस्ता नव्हता. गावकरी आणि आदिवासी बांधव जंगलात धावले. एका भगिनीने अंगावरची साडी काढून दिली, तिची झोळी झाली, आणि त्या झोळीतून जखमी तरुणीला चिखलातून, पाऊलवाटेने बाहेर आणले गेले. तिथे ना फेस होता, ना सायरन. तरीही ती तरुणी रुग्णालयात पोहोचली.

असा प्रसंग विमानाचाच असेल असे नाही. आपल्या भागात रात्री महामार्गावर ट्रक उलटतो, विहिरीत माणूस पडतो, तेव्हाही हेच लागते. म्हणून डॉक्टर म्हणून काही गोष्टी सांगतो.

इंधनाचा वास येत असेल तर बिडी-सिगारेट, काडेपेटी लांब. आग लागली असेल किंवा लागण्याची शक्यता असेल तर जखमीला लगेच बाहेर काढा. आग नसेल तर ओढाताण करू नका. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उचलताना एकाने फक्त डोके आणि मान धरावी, बाकीच्यांनी एकदम, एका हाकेवर उचलावे, म्हणजे डोके, मान आणि कंबर एका रेषेत राहतील. झोळीत पाठ वाकते, म्हणून दरवाजाची फळी, बाज किंवा लाकडी पाट मिळाला तर तो पहिला निवडा. काहीच मिळाले नाही तर झोळीही चालेल. वर्डीत तेच झाले आणि ते योग्यच झाले. जंगलात वाट पाहत राहणे जास्त वाईट ठरले असते.

१०८ ला फोन करताना गाव, शिवार, जवळची खूण आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते हे सांगा, आणि एक माणूस तिथे टॉर्च घेऊन उभा करा. २०२१ मध्ये राज्यात या सेवेच्या ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ मध्ये व्हेंटिलेटरसह प्रगत जीवरक्षक सोयी होत्या, बाकीच्यांत प्राथमिक सोयी होत्या. बेशुद्ध किंवा धाप लागलेला रुग्ण असेल तर फोनवरच तसे सांगा, म्हणजे योग्य गाडी निघेल.

थोडक्यात

तातडीचा आजार असेल तर आधी जवळचे रुग्णालय. तिथले पहिले इंजेक्शन विमानापेक्षा जास्त जीव वाचवते. रुग्ण स्थिर असेल आणि पुढचा उपचार दूर असेल तर विमानाचा विचार जरूर करा, पण शक्यतो दिवसा. रात्रीच निघावे लागले तर वरचे सात प्रश्न विचारूनच निघा, आणि वैमानिकाचा नकार मान्य करा.

आणि हे सगळे रात्री दोन वाजता, आयसीयूबाहेर, डोळ्यांत पाणी असताना सुचत नाही. म्हणून आज रात्री घरात सगळे शांत असताना एका कागदावर तीन फोन नंबर लिहा: जवळच्या रुग्णालयाचा, १०८ चा, आणि तुमच्या कुटुंबात अशा वेळी निर्णय कोण घेणार त्या व्यक्तीचा. तो कागद कपाटात ठेवू नका. दाराशेजारी भिंतीला चिकटवा.